घंटागाडी होऊन दारोदार

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतलं लहान मूल काहीतरी होऊन शेजाऱ्यांच्या दारात उभं राहतं, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत पिशवी पुढे करतं आणि चॉकलेट पडलं की पुढचं दार गाठतं. तास-दीड तासाचा कार्यक्रम. त्यासाठी मुलानं काय व्हायचं, आणि जे व्हायचं ते दुकानातून आणायचं की घरी करायचं, यावरून आमच्याकडे न्यू जर्सीत जो वाद पेटला तो मात्र दीड तासात आटपणारा नव्हता.

वाद माझ्या थोरल्या बहिणीचा आणि माझ्या मुलीचा. ताई सत्तरच्या दशकात इथे आली, नोकरी सांभाळून दोन मुलं वाढवली, आता निवृत्त आहे. मुलगी अलीकडची. मी पुण्याहून नातवाला भेटायला गेलेली. मला वाटलं होतं, ताई शिवणाची कड घेईल आणि लेक म्हणेल, मागव ऑनलाइन. झालं नेमकं उलटं. मला फेल्ट कापायला बसवलं होतं, त्यामुळे हात गुंतलेले आणि कान मोकळे. जे ऐकलं ते मांडते. मध्ये मध्ये तोंड घातलंय, ते लिहिणारीचा हक्क म्हणून.

नातू चार वर्षांचा. त्याला कचऱ्याची गाडी व्हायचं होतं.

मावशी : घंटागाडी? अगं, दुकानात भिंतभर कॉस्च्यूम टांगलेत. डायनोसॉर आहे, फायरमन आहे, अंतराळवीर आहे. आणि आपलं पोर घंटागाडी होऊन लोकांच्या दारात जाणार?

भाची : त्याला विचारलं, त्यानं सांगितलं. दर आठवड्याला ती गाडी येते, बाजूनं तिचा हात बाहेर येतो, डबा कवेत घेतो, वर नेऊन उलटा करतो. तो खिडकीत श्वास रोखून उभा असतो. त्याच्या लेखी याहून मोठा पराक्रम जगात नाही. तुझा स्पायडरमॅन त्यानं अजून पाहिलासुद्धा नाही, मावशी.

मावशी : मग गाडीचाही तयार मिळत असेल. इथे काय मिळत नाही?

भाची : मिळतो की. पण तो हिरवा, आणि डबा मागून घेणारा. याची गाडी पांढरी आणि हात बाजूला. मी त्याला चित्र दाखवलं, तर म्हणाला, ‘ही दुसऱ्या गावची आहे.’

मावशी : चार वर्षांचं पोर आज गाडी म्हणेल, उद्या मांजर म्हणेल. तू तोवर रात्री जागून खोका रंगवलेला असशील. आणि त्यानं ऐन वेळी नाही म्हटलं की तुझ्या तोंडून निघणार, ‘एवढं केलं मी तुझ्यासाठी!’ दुकानातली वस्तू परत करता येते गं. आईचे कष्ट परत घेणारं काउंटर कुठे नसतं.

(इथे लेक थोडा वेळ काही बोलली नाही. मीही कात्री थांबवली. स्नेहसंमेलनासाठी घरात झालेली रडारड आम्हा दोघींनाही आठवत असणार.)

भाची : बदललं तर बदललं. आईला विचार, मला लहानपणी झाशीची राणी केलं होतं ते ड्रेसवाल्याकडून भाड्यानं आणून. अंगरख्याला डांबरगोळ्यांचा वास, तलवार माझ्याहून लांब. मला राणी व्हायचं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी यादीतून वाटून दिलं होतं. तयार कॉस्च्यूमचं मला हेच खटकतं. दुकान विचारतं, ‘आमच्याकडच्यातलं काय हवं?’ ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारत नाही.

मावशी : आणि मी सांगते, काही मुलांना यादीतलंच हवं असतं. तुला बेन कूपर माहीत नसणार.

भाची : कोण हा?

मावशी : कंपनी. ब्रुकलिनची, १९३७ सालची. आमच्या वेळी स्वस्त वस्तूंच्या कुठल्याही दुकानात ऑक्टोबरात तिच्या चपट्या खोक्यांची चळत लागायची. झाकणाला सेलोफेनची खिडकी, आतून मुखवटा डोळे वटारून बघतोय. पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, मागे रबर, आणि पाठीमागे बांधायचा एक चकचकीत झगा. त्यांच्या स्पायडरमॅनच्या छातीवर काय असायचं माहितीये? स्पायडरमॅनचंच नाव आणि चित्र! आता खरा स्पायडरमॅन स्वतःची पाटी गळ्यात लटकवून फिरेल का?

भाची : भयंकर! आणि आत घाम.

मावशी : घाम तर होताच. तोंडाशी बारीकशी चीर असायची, तिच्यातून जीभ बाहेर काढली की धार लागायची. काढल्याशिवाय मात्र कुठलंही पोर राहायचं नाही. तर हा असला झगा माझ्या मुलीला हवा होता, आणि मी दिला नव्हता. मी हौसेनं तिला नऊवारी शिवली होती. आपल्या आईच्या जुन्या इरकलीची.

(ती नऊवारी मी पाहिली आहे. तो फोटो आमच्या आईच्या खोलीत शेवटपर्यंत होता. आल्यागेल्याला ती दाखवायची, ‘अमेरिकेतली नात बघा.’)

मावशी : नथ, अंबाडा, कागदी गजरा. काय गोड दिसत होती! पहिल्या दारात बाई म्हणाली, ‘अय्या, आणि तू कोण?’ ही म्हणाली, प्रिन्सेस. ‘कुठली गं प्रिन्सेस?’ दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. सगळी माणसं चांगली, सगळी कौतुकानंच विचारत होती. पण थोड्या वेळानं पोरगी माझ्यामागे लपायला लागली. शेजारची मुलगी आपला प्लॅस्टिकचा झगा घालून उभी. तिला कुणी काही विचारत नव्हतं. का? तर छातीवर लिहिलेलंच होतं.

भाची : हं.

मावशी : हं काय? या पोरांना दिवसभर शाळेत आपलं नाव फोड करून सांगावं लागायचं. डब्यात पिवळं काय आहे ते सांगायचं, आईच्या कपाळावर लाल काय आहे ते सांगायचं. एक संध्याकाळ अशी हवी होती की काही सांगायला लागणार नाही. पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं बेन कूपरचं खोकं आणलं. तुला तो झगा भयंकर वाटतो. तिला ती सुट्टी होती.

मला ताईचं हे म्हणणं फार पटलं. घरी केलेल्या वस्तूचं आपण इतकं गुणगान करतो की ती वस्तू अंगावर घालून परक्या दारात उभं कुणाला राहायचंय, हे सोयीस्करपणे विसरतो. लेकीलाही पटलं असावं, पण कबूल करण्याइतकं नाही.

भाची : नऊवारी मी या दिवशी नेसवणार नाहीच. ते काही सोंग नव्हे. पण कचऱ्याच्या गाडीला छातीवर पाटी लागत नाही. ती या गल्लीतल्या प्रत्येक घरी जाते. उलट तिला दुकानातल्या कुठल्याही राजकन्येपेक्षा जास्त लोक ओळखतात.

मावशी : तू केलेली ओळखू आली तर.

भाची : आणि मुळात हा सगळा प्रकार घरगुतीच होता ना? स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये पोरं मोठ्यांचे जुने कपडे चढवून, तोंडाला काजळी फासून दारोदार जायची, गाणं नाहीतर नक्कल करून दाखवायची आणि बदल्यात फळं, सुकामेवा मिळवायची. कंदीलसुद्धा भोपळ्याचा नव्हता, सलगमचा होता. भोपळा इथे आल्यावर सापडला.

मावशी : हो, पण इथे आल्यावर दुकानही सापडलंच. मॅसॅच्युसेट्सच्या डेनिसन कंपनीचं ‘बोगी बुक’ बघ कधीतरी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. हॅलोविनला घरच्या घरी पोशाख आणि सजावट कशी करायची याची पुस्तिका. त्यात माल कुठला वापरायचा? डेनिसनचाच क्रेप पेपर. घरी करा म्हणणाऱ्यालाही काहीतरी विकायचंच असतं. तुझी ती ग्लू गन कुठे झाडाला लागली होती?

(क्रेप पेपर म्हटल्यावर मला माझा पोपट आठवला. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मी हिरव्या क्रेप पेपरचा पोपट होते. घामानं रंग सुटून मान हिरवी झाली होती आणि परीक्षकांना ते फार वास्तव वाटलं होतं. हॅलोविनला परीक्षक नसतात ही मोठीच सोय. आता त्यांची जागा आईबापांच्या फोननं घेतली आहे, ते निराळं.)

मावशी : आणि क्रेप पेपर अंगावर, भोपळ्यात मेणबत्ती. विचार कर. घरचं म्हणजे निर्धोक असं तुम्हाला उगाच वाटतं. १९४०च्या दशकात इथे मुलांचे काउबॉय पोशाख निघाले होते, रेयॉनची लव असलेले. ठिणगी पडायचा अवकाश, भडकायचे. मुलं दगावली. अशा अपघातांमुळे १९५३ साली ज्वालाग्राही कापडाविरुद्ध कायदा झाला. आज दुकानातल्या कॉस्च्यूमवर ‘फ्लेम रेझिस्टंट’ लिहिलेलं बघून घेता येतं. तुझ्या शिवणाच्या डब्यातून ते लेबल निघणार आहे का?

भाची : नाही निघणार. पण दुकानातून आलं म्हणून निर्धास्त, असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली एका नामवंत टीव्ही निवेदिकेच्या मुलीच्या कॉस्च्यूमला भोपळ्यातल्या मेणबत्तीनं आग लागली. विकतचाच होता. तेव्हा लोकांना कळलं की तिथे असे पोशाख कपड्यांत मोजतच नाहीत, खेळण्यांत मोजतात. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना जे कडक नियम, ते यांना नव्हते.

मावशी : मग दोन्हीकडे बोंब. त्यात आपल्या पणत्या. २०२४ साली तर इथे दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले होते. दाराच्या एका बाजूला भोपळा, दुसऱ्या बाजूला पणत्यांची रांग, मधून परीचा घेर सावरत पोरी येतायत. मी सगळा वेळ दारातच बसून होते.

भाची : मला तेव्हा एक कोडं पडलं होतं. आपल्याकडे दिवाळीत बजावतात की फटाके उडवताना सुती घाला, नायलॉन-पॉलिएस्टर नको. इथली ग्राहक सुरक्षेची सरकारी यंत्रणा हॅलोविनला सांगते, नायलॉन-पॉलिएस्टर बघा. खरं कुणाचं?

मावशी : आपल्याकडचं. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं.

भाची : ते खरंच आहे. पण पातळ, झिरझिरीत सुती कापड ज्योतीला लागलं की झटकन पेटतं, आणि नायलॉन त्या मानानं उशिरा. आपला सल्ला हातात फुलबाजी धरलेल्या मुलासाठी आहे. इथला सल्ला पायरीवरच्या भोपळ्याला घसटून जाणाऱ्या मुलासाठी. आणि कापडावरून भांडले तरी एका बाबतीत दोघांचं एकमत दिसतं : घेर नको, लोंबत्या बाह्या नकोत, जमिनीवर फरपटणारा काठ नको. अंगाबरोबर बसणारं घाला.

मावशी : म्हणजे परी बाद, भूत बाद, चेटकीण बाद.

(इथे मी चिंची चेटकीण सुचवून पाहिली. दिलीप प्रभावळकरांची ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची ज्यांनी पाहिली त्यांना दुसरी चेटकीण दिसत नाही. दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा फेल्ट कापायला घेतलं.)

भाची : म्हणूनच म्हणते, खोका. त्याला घेर नाही, बाह्या नाहीत.

मावशी : आणि पुठ्ठा काय पाण्याचा केलेला असतो? तोही पेटतो.

भाची : पेटतो. आपल्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवणार आहे. दुसऱ्यांच्या दारात मी त्याच्या बाजूला असेन.

मावशी : बरं, आण तो खोका. नुसतं बोलून काय उपयोग?

यानंतरचा पाऊण एक तास मला सगळ्या वादातला मोलाचा वाटला, कारण त्यात मतं थोडी होती आणि मूल होतं. मायक्रोवेव्हचा रिकामा खोका, तळ कापलेला, खांद्यांसाठी जुन्या दप्तराचे पट्टे लावलेले. ताईनं नातवाला बोलावलं, खोका त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि म्हणाली, ‘चल, बाहेरच्या पायऱ्या उतरून दाखव.’ तो ऐटीत निघाला आणि पहिल्याच पायरीच्या काठाशी थबकला. वाकला, पण खोका पुढे आलेला. त्याला स्वतःची पावलंच दिसत नव्हती.

मावशी : बघितलंस? इथल्या प्रत्येक घराला तीन-चार पायऱ्या. अंधारात, धावत, पिशवी एका हातात. याला खाली काय आहे ते दिसणार नाही. आता बाळा, खाली बस बघू.

बसताही येईना. खोका वर सरकून हनुवटीला लागला.

मावशी : आणि शूची घाई झाली तर? बाहेरच्या दारात उभा राहून सांगणार, मग तुम्ही पट्टे सोडणार. गाडीत बसवताना सीटचे पट्टे कुठून घेणार?

भाची : गाडीत घालायचाच नाही. उतरल्यावर चढवायचा. बाकी तू म्हणतेस ते... थांब जरा.

ती थांबली, खोका उलटा-सुलटा करून पाहिला. मग तिनं सुरी घेतली आणि पुढची बाजू सरळ कापून काढली. पुढे फक्त एक सपाट पुठ्ठा राहिला, छातीपासून कमरेपर्यंत. त्यावर काच, दिवे, नंबरप्लेट. गाडीचं सगळं पोट तिनं पाठीमागे नेलं. खऱ्या गाडीचंही तसंच असतं की, केबिन पुढे, कचरा मागे. दोन्ही बाजू गुडघ्याच्या बऱ्याच वर ठेवल्या. पोरगा पुन्हा पायऱ्यांशी गेला, खाली पाहिलं, उतरला, चढला, पुन्हा उतरला. बसायला लावलं तर पायरीच्या काठावर टेकला.

भाची : हे दुकानातल्या कॉस्च्यूमला करता आलं असतं का, मावशी? पायरीवर अडलं म्हणून कापून पाठीवर नेता आलं असतं?

मावशी : दुकानातल्या फायरमनला पायरीवर अडायची वेळच आली नसती. तो साधा शर्ट-पॅंट असतो.

दोघींचंही बरोबर होतं, आणि दोघींनाही ते कळत होतं. गाडीचा हात कसा करायचा हा प्रश्न मात्र नातवानं सोडवला. लेक पुठ्ठ्याच्या नळ्या जोडून काहीतरी यंत्र बनवायच्या विचारात होती. त्यानं आपला उजवा हात बाजूला काढला, कोपरात वाकवला, जमिनीवरची फेल्टची चिंधी उचलून डोक्यावरून मागे टाकली आणि तोंडानं घर्रर्र केलं. झाला हात. त्याला आता फक्त करड्या रंगाची बाही हवी होती. चॉकलेटही तो याच हातानं उचलणार आणि पाठीवरच्या कचऱ्यात टाकणार, असं त्यानं जाहीर केलं. खाऊ कचऱ्यात टाकायच्या कल्पनेनं ताईला कसंतरी झालं. पण ती हसलीसुद्धा.

मावशी : थंडीचं काय? शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी दहा अंशांच्या खालीही जातं.

भाची : जॅकेट आतून. म्हणून तर पट्टे सैल ठेवलेत. विकतचे कॉस्च्यूम पातळ असतात, मग वरून जॅकेट चढवावं लागतं, आणि सगळी मुलं एकच होतात : जॅकेट.

मावशी : हे मात्र खरं बोललीस. माझ्या दारात येतात ना, बर्फाची राणी वर पफर जॅकेट, वाघ वर पफर जॅकेट. आमच्या पोरांचे तर मी फोटो दारातून बाहेर पडायच्या आधीच काढून घ्यायची. पण पाऊस आला तर तुझी गाडी भिजून लगदा होईल. २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा गव्हर्नरनी आदेश काढून अख्ख्या न्यू जर्सीचं हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरातच बर्फ पडलं.

भाची : वरून पारदर्शक रुंद सेलोटेप मारते सगळीकडे. आणि चकाकणारी पट्टी. गाडीला मागे लाल-पांढरी पट्टी असतेच, ती खरी रिफ्लेक्टरची लावली की काम झालं.

मावशी : ती आधी लाव. रंग राहिला तरी चालेल.

ताई हे उगाच म्हणत नव्हती. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ पर्यंतच्या अपघातांच्या नोंदी तपासून झालेला एक अभ्यास आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणारा माणूस गाडीखाली येऊन दगावण्याचा धोका आदल्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या तशाच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि लहान मुलांना त्याची झळ अधिक. २००७ पासून इथे घड्याळं मागे घेण्याचा दिवस नोव्हेंबरात गेल्यामुळे संध्याकाळचा उजेड थोडा जास्त टिकतो. तरी परतताना काळोख असतोच. काळ्या झग्यातलं भूत रस्त्यावर दिसत नाही. आगीची भीती दोघींना सारखीच होती, मोटारींची ताईला जास्त.

मावशी : मुखवटा?

भाची : अजिबात नाही. तोंड उघडं. नजर अडते हे एक, आणि या वयाच्या मुलांना मुखवट्याचं भलतंच वाटतं. १९६९ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, ऱ्हेटा डेव्हरीस यांचा. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. मुलांनी आधी त्याला कुरवाळलं, मग त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपूट मुलांसमोरच होती, तरी तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली की आता हा कुत्रा झाला. पाच-सहा वर्षांची म्हणाली, छे, मांजरच आहे.

मावशी : म्हणजे आपलं ध्यान मधोमध.

भाची : मधोमध. तो गाडी होणार म्हणजे काय होणार, हे त्याच्या डोक्यात अजून पक्कं नाही. म्हणून तोंड त्याचंच राहू दे.

मावशी : प्रयोगच सांगायचे तर मीही एक वाचलाय. २०१७चा. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी खेळ ठेवला. काहींना सांगितलं, तू बॅटमॅन आहेस, मनात म्हण की बॅटमॅन कसं काम करतोय? ती मुलं जास्त वेळ टिकली. म्हणजे तुझ्या नावडत्या दुकानी पात्रांचाही काही उपयोग असतो. सगळ्यांना ठाऊक असलेला नायक अंगात आला की बळ येतं.

भाची : त्या प्रयोगात बॉब द बिल्डरही होता, मावशी. साधा काम करणारा माणूस. उद्या भात संपवायचा असेल तर मी विचारेन, ‘कचऱ्याची गाडी कसं काम करते?’ बघ ताट कसं साफ होतं.

मावशी : बरं, ताट साफ होईल. आता मुख्य बोलू? हे सगळं कोण करतंय? तू. जावई कुठेत?

भाची : रंग आणायला गेलाय.

मावशी : रंग आणायला. शाळेत मिरवणूक निघते तेव्हा आया एकमेकींकडे बघतात, हे ठाऊक आहे ना? विकतचा असला की ‘बिचारी नोकरी करते’, घरचा असला की ‘किती हौशी’. बापाला कुणी काही म्हणत नाही. मी आणलेल्या बेन कूपरमध्ये हेही होतं. दिवसभर नोकरी करून आल्यावर रात्री शिवणयंत्रावर बसून मला कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं.

भाची : मीही सिद्ध करत नाहीये.

मावशी : खर्च? घरी केलं की स्वस्त, हा आमच्या वेळचा हिशोब झाला.

भाची : स्वस्त नाहीच. फेल्ट, टेप, रंग, करडी बाही, सगळं धरलं तर फायरमन परवडला असता. त्यात कापडाचं आपलं नेहमीचं दुकान गेलं. जोॲन १९४३ पासूनची, ओहायोतली, सगळी दुकानं २०२५च्या मेअखेर बंद झाली. फेल्टसाठी मी तीन ठिकाणी हिंडले.

मावशी : तिथे मी साड्यांचे फॉल जुळवायचे. रंग बघायला ब्लाउजपीस घेऊन जायची, काउंटरवरच्या बाईला माझं सगळं घर माहीत झालं होतं. (ती थोडा वेळ त्यातच रमली. तो वेळ वादाच्या खाती धरायचं कारण नाही.) तर मुद्दा, स्वस्त नाही, सोपं नाही, टिकाऊ नाही. मग का?

भाची : कारण त्याची गाडी त्यानं सांगितली तशी होतेय. तो रोज येऊन बघतो. काल म्हणाला, दिवा डावीकडे आहे, उजवीकडे नाही. दुकानातून आलं असतं तर तो आणणारा झाला असता. आता तो करणारा आहे.

मावशी : रंगवतेस तू.

भाची : मागची बाजू त्याला दिलीये रंगवायला. पूर्ण. मी हात लावणार नाही.

मावशी : बघू. जांभळा फासला तरी?

भाची : ... जांभळा फासला तरी.

ताईनं चष्मा वर केला आणि लेकीकडे नीट पाहिलं. तिला ते खरं वाटलं नसावं. मलाही पूर्ण वाटलं नाही. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन जावई आले तेव्हा नातू धावत जाऊन विचारत होता, अजून कुठले रंग आणले.

मावशी : रविवारी त्याला हे सगळं घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आण. जॅकेटसकट, अंधार पडल्यावर. कुठे घासलं, कुठे अडलं, तर अजून वेळ आहे. आणि मी जाताना दुकानात डोकावते. फायरमन घेऊन ठेवते, पावतीसकट. ऐन वेळी रडला तर हाताशी असलेला बरा.

भाची : घे. पण त्याला दाखवू नकोस.

मावशी : मी कशाला दाखवू? एक नंबर मोठाच आणते. आत जॅकेट जायला हवं.